वेळापत्रकाचं पुरळ

मे महिन्यात उज्जैन करून परतणाऱ्या मराठी कुटुंबाचं वैद्यकीय संमेलन बहुधा परतीच्या अवंतिका एक्स्प्रेसमध्ये भरतं. गाडीनं रतलाम सोडलं की कुणीतरी बाही वर सारतं, कोपरापासून मनगटापर्यंत उठलेले बारीक, खाजरे दाणे दिव्याखाली धरतं आणि डब्यातले सगळे ज्येष्ठ एकदम प्रॅक्टिस सुरू करतात. मावशींच्या मते हे पित्त आहे, आमसुलाचं पाणी लावा. काकांच्या मते पाणी बाधलं; नर्मदेचं पचतं, क्षिप्रेचं पचत नाही. आत्याबाई उष्णता म्हणून सब्जा भिजत घालायला सांगतात, जावई मोबाइलवर बघून डेंग्यूपर्यंत पोहोचतात आणि सासूबाई काहीच न बोलता दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या मिळतील का याचा विचार करू लागतात. संशयितांच्या या यादीत पाणी आहे, हॉटेलची चादर आहे, प्रसादाचा लाडू आहे, शेजारणीची नजरही आहे. फक्त एका कागदाचं नाव कुणी घेत नाही. तो कागद काकांच्या शर्टाच्या खिशात चौघडी होऊन बसलेला असतो आणि त्याच्यावर ठळक अक्षरांत ‘उज्जैन दर्शन : एक दिवस, अकरा ठिकाणं’ असं छापलेलं असतं. माझा संशय याच कागदावर आहे. सहलीत उठणारं बहुतेक पुरळ सूर्य उठवत नाही, सहलीचा कार्यक्रम उठवतो. सूर्य बिचारा नेमून दिलेल्या वेळी नेमून दिलेल्या ठिकाणी असतो. आपण तिथे तेव्हा काय करत होतो, हा खरा प्रश्न आहे.

आधी निर्दोष मंडळींना सोडून देऊ. पित्ताच्या गांधी अंगावर कुठेही उठतात, काही तासांत मावळतात आणि दुसरीकडे निघतात. ब्लाउजचा गळा बघून पित्त उठत नाही. घामोळं उठतं ते कपड्याखाली: पाठीवर, कमरेला, सॅकचा पट्टा दाबतो त्या खांद्यावर. घामाच्या नळ्यांची तोंडं बुजली की घाम कातडीच्या आतच अडकतो आणि टोचू लागतो. मुंबईकराचा हा जुना सोबती असल्यामुळे तो अंगावरच्या प्रत्येक दाण्याला घामोळंच समजतो आणि पावडरीचा डबा उपडा करतो. पण मे महिन्यातली उज्जैनची हवा कोरडी असते, घाम आला तसा उडून जातो. तिथे घामोळं झालंच तर ते दर्शनाच्या रांगेत, नायलॉनच्या साडीत किंवा घट्ट जीन्समध्ये होतं. उरला तिसरा प्रकार. त्याला त्वचेचे डॉक्टर पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन म्हणतात आणि बाकीचे लोक उन्हाची ॲलर्जी. उन्हात गेल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी हे पुरळ उठतं, तेही नेमकं उघड्या जागी: गळ्याच्या त्रिकोणात, मानेवर, अर्ध्या बाहीच्या खाली. घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी कोरी राहते. चेहरा बऱ्याचदा वाचतो, कारण त्याला वर्षभर थोडंथोडं ऊन खायची सवय असते. गोऱ्या कातडीवर हे लालभडक दिसतं. आपल्या सावळ्या रंगावर लाली उठून दिसत नाही, नुसते टाचणीच्या टोकाएवढे फिकट दाणे दिसतात. त्यामुळेच मावशींना ते पित्त वाटतं. भारतातल्या त्वचारोग विभागांत उन्हामुळे येणाऱ्या पुरळांमध्ये हा प्रकार सर्रास दिसतो, बायकांमध्ये अधिक. आणि त्याची सगळ्यात महत्त्वाची खूण अशी की रोज उन्हात असलेल्या माणसाला तो क्वचित होतो. अकरा महिने ट्यूबलाइटखाली बसून बाराव्या महिन्यात एकदम उघड्यावर आलेल्या माणसाला तो गाठतो. थोडक्यात, तो पर्यटकांचा आजार आहे. उत्तर युरोपात दहा ते वीस टक्के लोकांना तो होतो असं मानतात. तिकडची मंडळी हिवाळाभर ढगांखाली काढून स्पेनच्या किनाऱ्यावर पहिल्याच दिवशी आडवी होतात. आपण आडवे होत नाही, रांगेत उभे राहतो, एवढाच फरक.

आता सूर्याची बाजू. उज्जैन २३ अंश ११ कलांवर आहे, कर्कवृत्ताच्या अगदी कुशीत. तिथल्या वेधशाळेत हे फार स्पष्ट दिसतं. जयपूरच्या सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पुढे मोडकळीला आली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तिचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे, म्हणजे इथेही आपला माणूस होताच. तिथल्या शंकुयंत्राची दुपारची सावली २१ जूनच्या सुमारास जवळजवळ नाहीशी होते. त्वचेचे डॉक्टर जगभर एक सोपा नियम सांगतात: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा अतिनील किरण तीव्र असतात, त्या वेळी आडोसा शोधावा. हा नियम उज्जैनला लावून पाहू. मेच्या मध्यावर तिथे सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाचं आणि उज्जैन त्याच्या बऱ्याच पश्चिमेला. त्या क्षणी साडेपाच फुटी माणसाची सावली जेमतेम पाच इंच भरते. सावली उंचीइतकी होण्याची वेळ काढली तर सकाळी सव्वानऊच्या आसपास येते आणि दुपारी साडेतीनच्या थोडी पुढे. म्हणजे सव्वानऊ ते साडेतीन, सव्वासहा तास, माणूस आपल्या सावलीपेक्षा उंच असतो. अतिनील निर्देशांक अकराच्या पुढे गेला की जागतिक आरोग्य संघटना त्याला अत्यंत तीव्र म्हणते, आणि मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी मध्य भारतात तो तिथवर सहज जातो.

आणि आता काकांच्या खिशातला कागद उलगडून पाहा. पहाटे चारला भस्मारती. इथवर उत्तम, या वेळी सूर्य कुणाचंच वाकडं करू शकत नाही. सहाला बाहेर, पोहे-जलेबी, मग खोलीवर जाऊन ‘थोडं आवरून’, ज्यात चार बायका आणि एक न्हाणीघर असल्यामुळे साडेनऊ होतात. साडेनऊला ई-रिक्षा. कालभैरव, मंगळनाथ, सांदीपनी आश्रम, गढकालिका, भर्तृहरीची गुंफा, चिंतामण गणेश. जी सव्वासहा तासांची वेळ घरात बसायची, नेमकी तीच ‘स्थळदर्शन’ या मथळ्याखाली भरलेली असते. यातला विनोदाचा कळस म्हणजे वेधशाळेची भेट बहुधा साडेबाराच्या सुमाराला असते. सगळं कुटुंब तळपत्या चौथऱ्यावर उभं राहून, कपाळावर हात धरून, गाइडकडून ऐकत असतं की बघा, या वेळी शंकूची सावली किती लहान होते. ज्या यंत्रानं त्यांना खोलीवर जायला सांगायचं, त्याच यंत्रासमोर ते फोटो काढून घेतात. मग साडेचारला सगळे हॉटेलच्या वातानुकूलित खोलीत कोसळतात आणि ऊन उतरल्यावरची खरी रमणीय वेळ घोरण्यात जाते. उत्तरेत एक जुनी म्हण आहे: काशीची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र. माळव्याच्या दुपारची तारीफ कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो रंगाचा. आम्ही काय गोरे साहेब आहोत का, आम्हाला ऊन बाधत नाही. यात अर्धं सत्य आहे. सावळ्या कातडीतलं मेलानिन अतिनील किरण बऱ्यापैकी अडवतं, त्यामुळे कातडी भाजून सोलवटण्याचा धोका आपल्याला कमी. पण उन्हाची ॲलर्जी हे भाजणं नाही, ती शरीराच्या संरक्षक यंत्रणेची चिडचिड आहे, आणि तिला मुख्यतः चिडवतात ते यूव्हीए किरण. हे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. उज्जैनहून ओंकारेश्वरला जाताना टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये भांडून खिडकी मिळवणाऱ्याच्या उजव्या किंवा डाव्या एकाच हातावर पुरळ उठतं ते यामुळे. दुसरा आक्षेप आजोबांचा असतो. आमचे आजोबा वैशाखात उघड्या अंगानं नांगर धरत, त्यांना कुठे पुरळ उठलं? नाही उठलं, आणि तेच माझं म्हणणं आहे. आजोबांचं ऊन माघापासून रोज थोडं थोडं वाढत आलेलं असायचं. कातडी हळूहळू निबर होत जायची. डॉक्टरही ज्यांना दर वर्षी फार त्रास होतो त्यांना उन्हाळ्याआधी अशाच मोजक्या प्रकाशाचे डोस देतात. शिवाय आजोबा पहाटे शेतात जात आणि दुपारी झाडाखाली आडवे होत. नातवानं आजोबांची सकाळ टाकून दिली आणि दुपार मात्र वारसाहक्कानं मागून घेतली.

आजोबा प्रत्यक्ष बघायचे असतील तर उज्जैनची पंचक्रोशी यात्रा पाहावी. ऐन उन्हाळ्यात, तिकडच्या पंचांगातल्या वैशाख वद्य दशमीपासून अमावास्येपर्यंत, माळव्यातले खेडूत बायाबापड्यांसह ११८ किलोमीटर चालतात, डोक्यावर शिध्याचं गाठोडं घेऊन. पण ते चालतात उजाडण्याआधी आणि उन्हं कलल्यावर. भर दुपारी पडावावर झाडाखाली बाट्या भाजतात किंवा झोपतात. बायकांच्या डोक्यावरून पदर, पुरुषांच्या डोक्याला मुंडासं. देवासाठी ऊन सोसायचंच असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या भाविकांकडे श्रद्धेचा दाखला मागून बघावा. हाच आक्षेप सिंहस्थाच्या नावानंही येतो: गुरू सिंहेत आणि सूर्य मेषेत, म्हणजे चैत्र-वैशाख, २०१६ चा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे असाच भर उन्हात झाला आणि २०२८ चाही उन्हाळ्यातच येणार. शास्त्रानंच उन्हाळा सांगितला, आम्ही काय करणार? शास्त्रानं महिना सांगितला, पण मोठ्या पर्वांची स्नानं पहाटेच्या अंधारात सुरू होतात. नागा साधू तर अंगभर भस्म फासून निघतात. राखेचा एसपीएफ डबीवर छापलेला नसतो, पण उघड्या अंगानं उन्हात जाऊ नये ही अक्कल तिच्यामागे दिसते, आणि ती अर्ध्या बाहीच्या कुर्तीत दिसत नाही.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट अशी की हे सगळं मराठी माणसाला ठाऊक आहे. पुण्यात दहा मिनिटांच्या स्कूटरप्रवासाला निघालेली मुलगी सनकोट घालते, कोपरापर्यंत हातमोजे चढवते आणि चेहऱ्याभोवती स्कार्फ असा गुंडाळते की सख्खा भाऊही सिग्नलला ओळखत नाही. नागपूरकर एप्रिल लागला की डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय पानाच्या ठेल्यापर्यंतही जात नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेनं ठराव केला असता तरी याहून चांगला पोशाख सुचला नसता. पण सहलीची बॅग भरताना हाच सनकोट दाराच्या खुंटीला राहतो, कारण तो ‘रोजचा’ असतो. सहलीसाठी खास कपडे घेतलेले असतात: बिनबाह्यांचे, मोठ्या गळ्याचे, नाहीतर पातळ पांढऱ्या सुताचे. पातळ पांढरं सूत थंड वाटतं, पण त्यातून किरण बऱ्यापैकी आत येतात आणि ते घामानं भिजलं की अडवण्याची ताकद आणखी घटते. सैल, दाट विणीचा, थोडा गडद कपडा जास्त कामाचा. उज्जैनच्या भैरवगडचे छापे प्रसिद्ध आहेत; तिथली सुती ओढणी लोक घेतात, तिची किंमत पाडून घेण्यात अर्धा तास उन्हात उभे राहतात आणि मग ती पिशवीत घालून उघड्या मानेनं पुढच्या देवळाकडे निघतात. ओढणी भाचीला द्यायची असते. भाची पुण्यात स्कार्फ गुंडाळून सुखरूप असते. छत्रीचंही तसंच. छत्री उघडली तर फोटोत चेहरा दिसत नाही, आणि महाकाल लोकात, जिथे नऊशे मीटरहून लांब मार्गावर दोन्ही बाजूंना शिवकथा उभ्या आहेत, तिथे फोटोत चेहरा नसेल तर गेल्याचा पुरावा काय?

तिसरा आक्षेप आधुनिक आहे: आम्ही सनस्क्रीन लावलंय. लावलंय, पण किती? डब्यावरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून काढतात. चेहरा आणि मान यांना मिळून दोन बोटांच्या लांबीइतका पट्टा लागतो. आपण मात्र चारशे रुपयांची ट्यूब सहा जणांत तीन उन्हाळे पुरवतो, कपाळावर एक ठिपका देतो आणि मानेला उरलेला हात पुसतो. शिवाय एसपीएफ मोजतो तो भाजणारे यूव्हीबी किरण. यूव्हीएसाठी डब्यावर पीएची अधिकची चिन्हं किंवा ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ बघावं लागतं. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं, आणि घामानं निघून गेलं तर त्याआधीही. जास्त लावलं की चेहरा पांढराफटक दिसतो, अशी तक्रार असते. इतर कुठल्याही गावात ती मी मान्य केली असती. महाकालाच्या नगरीत, जिथे दर तिसऱ्या कपाळावर त्रिपुंड्र आहे, पांढऱ्या चेहऱ्याकडे कोण वळून बघणार?

एक आरोपी मात्र खरोखर उज्जैनच्या रस्त्यावर उभा आहे, त्याची नोंद करायला हवी. गाडीवर लिंबू पिळून घेतलं, रस मनगटावर ओघळला, हात रुमालाला पुसून तसंच उन्हात फिरलं, तर एक-दोन दिवसांनी तिथे ओघळाच्याच आकाराचा लाल, कधी फोड आलेला चट्टा उठतो आणि मग त्याचा काळा डाग कित्येक आठवडे राहतो. लिंबाच्या रसातली आणि सालीतली काही द्रव्यं यूव्हीएच्या प्रकाशात कातडी भाजतात. लिंबू पोटात गेलं तर काही बिघडत नाही. हात धुतले की काम झालं. उष्णता मारायला पुरळावर लिंबू चोळणाऱ्या घरगुती वैद्यांनी मात्र हे दोनदा वाचावं. काही सुगंधी तेलांचंही असंच आहे, म्हणून दुपारी बाहेर पडताना मानेला अत्तर लावू नये. आणि काही गोळ्याही माणसाला उन्हाला हळवं करतात: डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, रक्तदाबावरचं हायड्रोक्लोरोथायझाइड. गोळी परस्पर बंद करायची नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचं आणि बाही लांब ठेवायची.

उठलंच पुरळ, तर पहिला उपाय फुकटचा आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही: दोन-तीन दिवस त्या जागेला ऊन दाखवायचं नाही. गार पाण्याची पट्टी, कॅलामाइन, सैल सुती कपडे. खाज फार असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली ॲलर्जीची गोळी आणि थोडे दिवस सौम्य मलम. बहुतेकांचं पुरळ आठवडा-दहा दिवसांत डाग न ठेवता जातं. पण आपली पावलं वळतात औषधाच्या दुकानाकडे, आणि काउंटरवरचा मुलगा एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असा त्रिवेणी संगम काढून देतो. खाज दोन तासांत थांबते, म्हणून ती ट्यूब घरी येते, शेजाऱ्यांना जाते, पुढे तोंडाला लागते आणि कातडी पातळ करून ठेवते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. चिठ्ठी मागणारा दुकानदार भेटला तर त्याच्यावर रागावू नये. फोड आले, तोंड सुजलं, ताप आला, किंवा गालांवरचं पुरळ उन्हाबाहेरही टिकून सांधे दुखू लागले, तर मात्र आमसूल आणि डबाभर सल्ले बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे जावं.

शेवटचा आक्षेप सगळ्यात भारी, कारण तो पैशांचा आहे. एवढा खर्च करून आलो ते काय दुपारभर झोपायला? याचं उत्तर माळव्यानं फार पूर्वीच देऊन ठेवलंय, आणि ते ताटात वाढून देतात. दाल-बाफले. बाफला आधी उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात, आणि चुरून त्यावर डाळ ओतून, जोडीला लाडू देऊन पुढ्यात ठेवतात. चार बाफले खाल्लेला माणूस मंगळनाथाच्या पायऱ्या चढू शकतो अशी कल्पना माळव्यातल्या कुणाच्याही मनाला शिवली नसेल. ज्या प्रांतानं दुपारचं जेवण असं बेतलं, त्यानं दुपारी काय करायचं हेही त्यातच सांगितलं. आपण मात्र ‘भोजन : ४० मिनिटं’ असं लिहून त्या जेवणाचा अपमान करतो आणि तूप अंगात असताना उन्हात निघतो. साडेनऊपर्यंत दोन देवळं, अकराला वस्तुसंग्रहालय, बाराला बाफले, चारपर्यंत पंखा, आणि मग सगळी संध्याकाळ मोकळी: हरसिद्धीच्या मराठेशाहीतल्या दोन दीपमाळा, रामघाटावरची क्षिप्रेची आरती, दिव्यांतला महाकाल लोक, गोपाळ मंदिराचा चौक आणि सराफ्यातली रबडी. ठिकाणं अकराची सात होतील. राहिलेल्या चारांसाठी पुन्हा येता येतं. अवंतिका रोज सुटते. एखाद्या सहल कंपनीनं खरोखरच ‘दुपारी १२ ते ४ : बाफले व विश्रांती’ असं पत्रकात छापलं, तर पहिला फोन ‘या चार तासांचे पैसे कमी होतील का’ असाच येईल. ते कमी करू नयेत असं माझं मत आहे. तुपाचा भाव बघता थोडे वाढवले तरी चालतील.